जिवाणूची पेशीभित्तिका : रचना, कार्य आणि काही संज्ञा

‘भित्तिका’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे दगडाविटांची भिंत उभी राहते आणि जिवाणूच्या पेशीभित्तिकेचा विचार करताना हे चित्र पदोपदी आड येते. प्रस्तुत लेखात या भित्तिकेची रचना व कार्य यांचे विवेचन करावयाचे असून, ते करताना या विषयातील काही संज्ञांकडे भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. जीवशास्त्र हे लेखकाचे क्षेत्र नव्हे. परंतु परिभाषेचा विचार वस्तूला सोडून करता येत नाही. आणि वस्तू नीट न समजता घडविलेले शब्द किती फसवे ठरतात याची उदाहरणे याच विषयात विपुल आहेत. शिवाय ही वस्तू केवळ कुतूहलाची नाही. पेनिसिलिनपासून व्हॅन्कोमायसिनपर्यंतची कित्येक प्रतिजैविके नेमकी या भित्तिकेवरच आघात करतात, आणि आज ती एकामागून एक निकामी का होत आहेत हे समजण्यासाठीही भित्तिकेची घडणच जाणून घ्यावी लागते.

प्रथम शब्दाविषयी. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले त्यांना त्याने कोठडी या अर्थाचे नाव दिले. कोठडी म्हटली की तिला भिंत ही आलीच. वनस्पतींसाठी रूढ झालेली ही कल्पना पुढे जिवाणूंनाही लागू करण्यात आली. या भित्तिकेच्या घटकांना नावे देताना शास्त्रज्ञांनी अभिजात भाषांकडे धाव घेतली. ‘म्युरामिक आम्ल’ आणि ‘म्युरीन’ या नावांच्या मुळाशी लॅटिन ‘मुरुस्’ हा शब्द आहे, तर ‘टायकोइक आम्ल’ या नावाच्या मुळाशी ग्रीक ‘तैखोस्’ आहे. हे दोन्ही शब्द घराच्या भिंतीचे नव्हेत. ते नगराच्या तटाचे आहेत. घराच्या भिंतीला लॅटिनमध्ये ‘पारिएस्’ आणि ग्रीकमध्ये ‘तोइखोस्’ असे वेगळे शब्द आहेत. म्हणजे नामकरण करणाऱ्यांच्या मनात चित्र होते ते शत्रूला बाहेर रोखणाऱ्या कोटाचे.

जर्मन भाषेत मात्र या भित्तिकेला ‘त्सेलवांट’ म्हणतात. यातील ‘वांट’ हा शब्द वळणे, पिळणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मुळात तो डहाळ्या विणून केलेल्या कुडाचा वाचक होता. आणि आपला ‘भित्ति’ शब्द? तो ‘भिद्’ म्हणजे फोडणे, चिरणे या धातूचा. संस्कृत कोशांत ‘भित्ति’ या शब्दाचे फोडणे, चिरलेल्या वेताची चटई आणि भिंत असे तिन्ही अर्थ नोंदलेले आढळतात. सह्याद्रीच्या कुशीतील कारवीच्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अर्थांतर समजावून सांगण्याची गरज नाही. योगायोग असा की, जिवाणूची भित्तिका ही कोटापेक्षा कुडाला कितीतरी अधिक जवळची आहे. भाषेने नकळत जपून ठेवलेला हा जुना अर्थ परिभाषेला उपकारक ठरू शकतो. मात्र तो वापरणाऱ्यास ठाऊक हवा.

भित्तिकेच्या अभ्यासाचा इतिहास सुरू होतो तो ती प्रत्यक्ष दिसण्यापूर्वीच. डॅनिश वैद्य हान्स क्रिस्तियान ग्रॅम याने १८८४ मध्ये बर्लिन येथे, फुप्फुसदाहाने मृत झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील जिवाणू ऊतीपासून वेगळे दिसावेत म्हणून रंजनाची एक रीत शोधली. जांभळा रंग द्यावा, त्यावर आयोडीन द्यावे, मग अल्कोहोलने धुवावे. काही जिवाणू रंग धरून ठेवतात, काहींचा रंग धुऊन जातो. ग्रॅमला स्वतःला आपली रीत सदोष व अपूर्ण वाटत होती, तरी तिनेच जिवाणूंच्या जगाचे दोन मोठे विभाग पाडले. या भेदाचे कारण भित्तिकेत आहे हे पुढे उलगडले : भित्तिका जाड असेल तर जांभळ्या रंगाचे व आयोडिनाचे संयुग आत अडकून राहते, पातळ असेल तर ते अल्कोहोलबरोबर वाहून जाते.

आता संज्ञेची गंमत पाहावी. रंग धरणाऱ्यांना आपल्याकडे ‘ग्रॅम-धन’ आणि न धरणाऱ्यांना ‘ग्रॅम-ऋण’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. रोमन लिपीत थोरल्या अक्षरामुळे ‘ग्रॅम’ हे विशेषनाम आहे एवढे तरी समजते. देवनागरीत थोरली-धाकटी अक्षरे नसल्याने विद्यार्थ्यास प्रथम वजनाचे माप आठवते. ‘धन’ व ‘ऋण’ या शब्दांनी तर विद्युत्भाराची कल्पना अटळपणे मनात येते. वस्तुस्थिती अशी की, दोन्ही प्रकारच्या जिवाणूंचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित असतो, आणि जांभळ्या रंगाचा रेणू धनभारित असतो. भाराच्या आधाराने विचार करणारा हुशार विद्यार्थी नेमका उलट निष्कर्ष काढील! कोणी ‘व्यक्त’ व ‘अव्यक्त’ असे शब्द सुचविले आहेत. ते विद्युत्भारापासून वाचवितात, परंतु काय व्यक्त झाले हे सांगत नाहीत. ‘ग्रॅम-रंगग्राही’ आणि ‘ग्रॅम-रंगत्यागी’ असे शब्द प्रस्तुत लेखकास अधिक बरे वाटतात व यापुढे या लेखात तेच वापरले आहेत. शब्द लांब झाले हा आक्षेप मान्य आहे; तथापि लांबी हा विपर्यासापेक्षा लहान दोष होय.

भित्तिका ही स्वतंत्र वस्तू म्हणून हाती आली ती १९५० नंतर. केंब्रिज येथे मिल्टन सॉल्टन याने काचेच्या बारीक मण्यांबरोबर जिवाणू जोराने हलवून फोडले आणि आतील द्रव्य धुऊन काढून रिकामी कवचे मिळविली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहता या कवचांनी मूळ जिवाणूचा आकार जसाच्या तसा राखलेला दिसला : गोलाणूचे कवच गोल, दंडाणूचे लांबट. आकार हा आतील द्रव्याचा गुण नसून भित्तिकेचा आहे हे यावरून सिद्ध झाले. या कवचांचे रासायनिक पृथक्करण केले असता प्रथिनांत न आढळणारे काही घटक त्यांत मिळाले. त्यांतील प्रमुख म्हणजे म्युरामिक आम्ल; हे स्ट्रेंज व त्याच्या सहकाऱ्यांनी ओळखले. ही एक ग्लुकोज-अमाइन शर्करा असून तिला लॅक्टिक आम्लाचा अंश जोडलेला असतो. जिवाणूंखेरीज अन्य सजीवांच्या घडणीत ती वापरली जात नाही.

भित्तिकेच्या मुख्य द्रव्यास पेप्टिडोग्लायकन म्हणतात. त्याची रचना पुढीलप्रमाणे सांगता येईल. ॲसिटिल-ग्लुकोज-अमाइन आणि ॲसिटिल-म्युरामिक आम्ल अशा दोन शर्करा एकाआड एक जोडल्या जाऊन लांब धागे तयार होतात. प्रत्येक म्युरामिक आम्लास एक आखूड पेप्टाइड शेपूट लोंबते. तीत आरंभी पाच अमिनो आम्ले असतात : प्रथम एल-ॲलनिन, मग डी-ग्लुटामिक आम्ल, तिसऱ्या स्थानी ई. कोलायमध्ये डायअमिनो-पिमेलिक आम्ल तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये लायसिन, आणि शेवटी डी-ॲलनिन दोनदा. शेजारच्या दोन धाग्यांची शेपटे एकमेकांस सांधली जातात. ई. कोलायमध्ये हा सांधा बहुधा सरळ असतो, तर स्टॅफिलोकॉकसमध्ये मध्ये पाच ग्लायसिनांचा पूल असतो. सांधताना टोकाचे डी-ॲलनिन गळून पडते. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढील सारे नाट्य याच टोकावर घडते.

येथील ‘डी’ व ‘एल’ हे भेद डाव्या-उजव्या हातासारखे आहेत. पेशीतील रायबोसोमवर तयार होणारी प्रथिने एल-रूपातील अमिनो आम्लांचीच असतात. भित्तिकेत मात्र डी-रूपे मुद्दाम गुंफलेली आहेत, आणि प्रथिने पचविणारी सामान्य विकरे अशी बंधने तोडू शकत नाहीत. भाषेची उपमा द्यावयाची तर ही एक सांकेतिक बोली आहे : वर्ण ओळखीचे, पण उलट्या वळणाने लिहिलेले.

धागे व सांधे मिळून जे जाळे बनते ते संपूर्ण जिवाणूला वेढते. वायडेल आणि पेल्झर यांनी १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले की, हे जाळे म्हणजे पिशवीच्या आकाराचा एकच प्रचंड रेणू होय. जिवाणूचा देह एका अखंड रेणूच्या पिशवीत बसलेला आहे, ही कल्पना आज पाठ्यपुस्तकी झाली असली तरी तिचे नवल कमी झालेले नाही. धागे म्हणजे कारव्या आणि पेप्टाइड म्हणजे त्या आवळणारे बंद, असे मानले तर कुडाची उपमा येथपर्यंत चांगली चालते. रंगग्राही जिवाणूंत जाळ्याचे अनेक थर असून त्यांची जाडी सुमारे २० ते ८० नॅनोमीटर भरते. रंगत्यागी जिवाणूंत ती काही थोड्या नॅनोमीटरांचीच असते. रंगग्राही भित्तिकेत, कुडावरील लिंपणासारखी म्हणा, टायकोइक आम्ले गुंतलेली असतात; ती बॅडिली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये वर्णिली. स्टॅफिलोकॉकसची भित्तिका अणुबल सूक्ष्मदर्शकाने पाहणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये असे दाखविले की, तिचा बाह्य पृष्ठभाग मोठमोठ्या छिद्रांच्या विस्कळीत जाळीसारखा आहे. गुळगुळीत तटाचे चित्र यामुळे आणखी मागे पडले.

कुडाची उपमा जेथे संपते तेथूनच भित्तिकेच्या कार्याचा आरंभ होतो. कूड वरचा भार पेलतो व बाहेरचा वारा अडवितो. जिवाणूच्या भित्तिकेवरील मुख्य भार आतून बाहेर येतो. पेशीच्या आत क्षार, शर्करा, अमिनो आम्ले यांची दाटी असते, त्यामुळे परासरणाने पाणी आत शिरू पाहते. प्रद्रव्यपटल हे मेदाचे दुपदरी पातळ आवरण. ते हा दाब सहन करू शकत नाही. रंगग्राही जिवाणूंत हा दाब वातावरणाच्या सुमारे वीसपट असतो, तर रंगत्यागी जिवाणूंत तो पुष्कळ कमी असतो. फुटबॉलमधील फुगा आणि त्यावरील शिवलेले कातडे यांचा जो संबंध तोच प्रद्रव्यपटल आणि भित्तिका यांचा. कातडे उसवले की फुगा बाहेर येतो व फुटतो. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये वर्णिलेले लायसोझाइम हे विकर हेच करते. आपल्या अश्रूंत, नाकातील स्रावात व कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते असते. ते दोन शर्करांमधील बंध कापते आणि जिवाणू पाण्यात विरघळल्यासारखा नाहीसा होतो. परंतु भोवतालच्या पाण्यात पुरेशी साखर मिसळून आतील व बाहेरील दाब समान केला, तर भित्तिका गमावलेला जिवाणू फुटत नाही. तो केवळ गोल होऊन राहतो. भित्तिका मुख्यतः कशासाठी आहे याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मिळणे कठीण.

मायकोप्लाझ्मा हे जिवाणू भित्तिकेवाचूनच जगतात, म्हणून पेनिसिलिनाचा त्यांवर काहीही परिणाम होत नाही. अशा अपवादांचा विस्तार येथे करीत नाही.

खरे कोडे आहे ते वाढीचे. अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुभंगतो. म्हणजे तेवढ्या वेळात ही ताणलेली पिशवी दुप्पट व्हावयास हवी. आणि ताणलेल्या जाळ्यात नवा धागा घालावयाचा तर आधी जुने बंध तोडावे लागतात. फुगलेल्या फुटबॉलचे कातडे, खेळ चालू असताना, उसवून त्यात नवे तुकडे शिवण्यासारखे हे आहे. यासाठी जिवाणूजवळ तोडणारी व सांधणारी अशी दोन्ही विकरे असतात. भित्तिकेचा एकेक घटक पेशीच्या आत तयार होतो, एका लांब मेदरेणूवर स्वार होऊन प्रद्रव्यपटल ओलांडतो आणि बाहेर जाळ्यात गुंफला जातो. तोडणे व सांधणे यांत क्षणोक्षणी मेळ राहिला पाहिजे. भित्तिकेला निर्जीव कोट मानणाऱ्यास हा प्रश्न सुचतही नाही. आणि हा प्रश्न न सुचल्यास पेनिसिलिनाची क्रिया समजत नाही.

पेनिसिलिन भित्तिका फोडते असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नव्हे. स्वस्थ पडलेल्या, न वाढणाऱ्या जिवाणूस ते मारू शकत नाही. जेम्स पार्क याला १९४९ च्या सुमारास असे आढळले की, पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये युरिडीनयुक्त असे काही अपरिचित पदार्थ साठत जातात. पुढे त्यात म्युरामिक आम्ल सापडले. पार्क आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९५७ मध्ये निष्कर्ष काढला की, हे भित्तिकेचे तयार घटक असून पेनिसिलिनामुळे ते भित्तिकेत बसविले जात नाहीत. गवंड्याचे हात बांधले गेल्याने विटांचा ढीग पडावा तसे हे. नेमके काय अडते याचा उलगडा १९६५ मध्ये टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी सुचविला. पेनिसिलिनाच्या रेणूची घडण शेपटाच्या टोकाच्या डी-ॲलनिन-डी-ॲलनिन या जोडीसारखी आहे. सांधणारे विकर या तोतयाला खरी जोडी समजून पकडते आणि त्यालाच कायमचे चिकटून बसते. सांधण्याचे काम थांबते, तोडण्याचे थांबत नाही. वाढू पाहणारा जिवाणू स्वतःच्या वाढीनेच उसवतो. हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१४ मध्ये यात भर घातली : सांधा न झालेले नवे धागे तयार होताच नष्ट केले जातात, आणि या निष्फळ चक्रात पेशीची साधनसामग्रीही खर्ची पडते. मनुष्याच्या पेशींना पेप्टिडोग्लायकन नसल्याने तोतयाला फसणारे विकरच आपल्याकडे नाही. या औषधाच्या निर्धोकपणाचे रहस्य हेच. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यातून १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागले, तेव्हा त्याच्या क्रियेचा हा उलगडा अद्याप झालेला नव्हता. औषध आधी व उपपत्ती नंतर, हा वैद्यकातील नेहमीचाच क्रम होय.

रंगत्यागी जिवाणूंची घडण याहून गुंतागुंतीची आहे. त्यांच्या पातळ जाळ्याबाहेर आणखी एक पटल असते. त्याचा बाहेरील पदर लिपोपॉलिसॅकराइड या द्रव्याचा असून, त्याचा ‘लिपिड-अ’ हा भाग आपल्या रक्तात शिरला असता ज्वर, रक्तदाबाचा ऱ्हास आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. रिचर्ड फायफर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यासाठी अंतर्विष ही कल्पना मांडली. हे नावही थोडे फसवेच. हे विष पेशीच्या आत नव्हे, तिच्या अगदी बाहेरील आवरणात असते. त्याचे मूळ स्थान जिवाणूच्या देहात आहे, ते स्रवत नाही, एवढाच त्या ‘अंतर्’चा अर्थ. स्रवणाऱ्या विषाचे ठळक उदाहरण आपल्याच देशातील आहे : कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले की, पटकीच्या जंतूंचा लेशही नसलेला गाळीव द्रव सशाच्या आतड्यात पटकीचा परिणाम घडवितो.

बाह्य पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची द्वारे असतात. लहान, पाण्यात विरघळणारे रेणू त्यातून आत येतात; मोठे अडतात. व्हॅन्कोमायसिनचा रेणू या द्वारांतून जाऊ शकत नाही, म्हणून रंगत्यागी जिवाणूंवर ते चालत नाही. येथे मात्र ‘कोट’ व ‘वेस’ हे शब्द शोभतात. हे पटल केवळ चाळणी आहे असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते यांत्रिक ताण सोसण्यातही जाळ्याइतकाच वाटा उचलते असे दाखविले.

क्षयाच्या जंतूची भित्तिका तिसऱ्याच घडणीची. पेप्टिडोग्लायकनवर ॲराबिनोगॅलॅक्टन या शर्करेचा थर, आणि त्यावर मायकोलिक आम्ले या अतिदीर्घ मेदाम्लांचा मेणचट लेप. ग्रॅमची रीत येथे नीट चालत नाही. एकदा मुरविलेला रंग आम्लानेही निघत नाही, म्हणून या जंतूंना आम्लस्थिर म्हणतात. १९५२ मध्ये उपचारात आलेले आयसोनियाझिड मायकोलिक आम्लाची निर्मिती रोखते, तर इथॅम्ब्युटॉल ॲराबिनोगॅलॅक्टनची. मद्रास येथील १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, आयसोनियाझिडयुक्त औषधे घरी राहून घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात असे दाखवून क्षयोपचाराची जगभरची दिशा बदलली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण आजही भारतात आहेत, हे लक्षात घेता या मेणचट लेपाचा अभ्यास आपल्याला परका मानता येणार नाही.

आता प्रतिकाराविषयी. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराचा शोध एब्रहॅम आणि चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पेनिसिलिनाचा व्यापक वापर होण्यापूर्वी, प्रसिद्ध केला होता. हा पहिला मार्ग : तोतयाला दारातच मारणे. दुसरा मार्ग १९६१ मध्ये इंग्लंडात दिसून आला. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसने असे एक निराळे सांधणारे विकर मिळविले होते, की ज्यास हा तोतया फसवू शकत नाही.

तिसरा मार्ग भाषेच्या अभ्यासकास विशेष मोह घालणारा आहे. व्हॅन्कोमायसिन हे विकराला धरीत नाही. ते शेपटाच्या टोकाच्या डी-ॲलनिन-डी-ॲलनिन या जोडीलाच कवटाळते आणि विकराला तिच्यापर्यंत पोहोचू देत नाही. विकर बदलून येथे भागणार नाही. बदलावयाची ती जोडीच. १९८० नंतरच्या दशकात आढळलेल्या प्रतिकारक एन्टेरोकॉकसने नेमके तेच केले होते. त्याने शेवटच्या डी-ॲलनिनच्या जागी डी-लॅक्टिक आम्ल बसविले. एका नायट्रोजनच्या जागी एक ऑक्सिजन आला, एक हायड्रोजन बंध नाहीसा झाला, आणि व्हॅन्कोमायसिनची पकड सुमारे हजारपट सैल झाली. जिवाणूचे स्वतःचे विकर हे नवे टोक पूर्वीसारखेच वाचते. शब्दाचा अंत्य वर्ण असा बदलावा की स्वजनांना अर्थ कळावा आणि हेराला शब्दच ओळखू येऊ नये, असा हा प्रकार. एवढ्यावर काम भागत नाही, म्हणून त्याच जनुकसमूहातील आणखी एक विकर जुन्या वळणाच्या उरल्यासुरल्या जोड्या शोधून तोडून टाकते.

रंगत्यागी जिवाणूंत प्रतिजैविक तोडणारी विकरे दोन पटलांमधील पोकळीत दबा धरून असतात. त्यांपैकी एकाचे नाव आपल्याकडे वादाचा विषय झाले. २००८ मध्ये स्वीडनमधील भारतीय वंशाच्या एका रुग्णाला, जो आधी दिल्लीत रुग्णालयात होता, क्लेब्सिएला न्यूमोनिए या जंतूची बाधा झाल्याचे आढळले. त्या जंतूत सापडलेले जस्तयुक्त विकर कार्बापेनेम वर्गातील, म्हणजे अखेरची म्हणून राखून ठेवलेली, औषधेही निकामी करीत होते. त्यास ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देण्यात आले. २०१० मध्ये भारतातून या नावास तीव्र आक्षेप घेतला गेला. अशा विकरांना स्थलनामे देण्याची पद्धत आधीपासून होती. व्हेरोना व साओ पाउलो या नगरांची नावेही याच वर्गातील विकरांना मिळालेली आहेत. तरीही वृत्तपत्री भाषेत विकराचे नाव जंतूला चिकटते, जंतूचे नाव नगराला, आणि मूळ प्रश्न, म्हणजे औषधांचा बेसुमार वापर व सांडपाण्यातून होणारा जनुकांचा प्रसार, बाजूला पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये नव्या रोगांना स्थलनामे देऊ नयेत अशी सूचना केली. ती रोगांपुरती आहे, विकरांना लागू नाही. त्यामुळे ते विकर आजही त्याच नावाने ओळखले जाते, आणि त्याचे जनुक जगाच्या बहुतेक भागांतील रुग्णालयांत आढळून आले आहे.